आग्रहाचे महिने

गाडीच्या बॅटरीवर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं? तिची ताकद नव्हे, कंपनीचं नावही नव्हे. तिथे असते एक बेरीज. १८+१८, २४+२४, ३०+२५. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर शोभावी अशी ही बेरीज पुरी करून मात्र कोणी देत नाही, आपली आपण करायची असते. आणि आपण ती करतोच. चोवीस आणि चोवीस अठ्ठेचाळीस, म्हणजे चार वर्षं, म्हणजे धाकटीची बारावी होईपर्यंत बघायला नको. दुकानाच्या पायरीपासून काउंटरपर्यंत पोचेस्तोवर एवढा हिशेब मनात होऊन गेलेला असतो.

आमच्या बॅटरीवाल्या शेठना हे पक्कं ठाऊक आहे. "साहेब, ही घ्या. चार वर्षं बॉनेट उघडायचं काम नाही." चार वर्षं बॉनेट उघडलं नाही तर इंजिनाचं ऑइल कोण बघणार, असं ओठांवर आलं होतं. पण असले प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दुकानदारांच्या मनातून एकदा उतरलं की उतरलं. मी वेगळं विचारलं.

"शेठ, यातले फुकट बदलून मिळणारे महिने किती?"

"पहिले चोवीस. डोळे झाकून."

"आणि पुढचे चोवीस?"

"ते प्रो-राटा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे थोडं कंपनीचं, थोडं तुमचं." यातलं 'थोडं तुमचं' त्यांनी बिलबुक शोधता शोधता म्हटलं.

पंगतीत जेवणं उरकत आली की यजमान जिलबीचं ताट घेऊन फिरायला लागतो, ते आठवा. पाहुण्याने पानावर हात आडवा धरलेला असतो, कमरेचा पट्टा एक घर सैल करून झालेला असतो, आणि नेमका तेव्हा यजमानाच्या हाताला औदार्याचा बहर येतो. "घ्या हो, लाजताय काय!" पान वाढायला घेतलं तेव्हा हाच हात जरा आखडता होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बेरजेतल्या अधिक चिन्हापुढचे महिने ही कंपनीने वाढलेली आग्रहाची जिलबी. नाही म्हणाल याची खात्री असल्यामुळेच ती इतकी भरभरून वाढता येते.

आणि समजा, एखाद्याने खरंच हात पुढे केला तर? त्याचाही हिशेब करून पाहू. बॅटरीची छापील किंमत ६,००० रुपये धरा. छापील किमतीला बॅटरी कोणी घेत नाही. कोणी घेतलीच, तर शेठना त्या रात्री झोप लागणार नाही. जुनी बॅटरी परत दिली, थोडी घासाघीस केली, "शेजारच्या दुकानात विचारून येतो" असं म्हणून दोन पावलं मागे टाकली, की तीच बॅटरी ४,५०० पर्यंत उतरते. आता ती पस्तिसाव्या महिन्यात मेली. कार्डाच्या मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावा लागतो असा एक तक्ता असतो. त्यात त्या महिन्यासमोर २५ टक्के सूट लिहिली आहे असं मानू. ही सूट छापील किमतीवर मिळते. सहा हजारांचे पंचवीस टक्के गेले, उरले साडेचार हजार. जुनी बॅटरी कंपनीकडे जमा, तिचे वेगळे पैसे नाहीत. म्हणजे तीन वर्षं कार्ड जपणाऱ्याला जी किंमत पडली, तीच कार्ड रद्दीत घालणाऱ्यालाही पडली. दुसऱ्याला बॅटरी त्याच दुपारी मिळाली, पहिल्याला तपासणी झाल्यावर मिळेल. आकडे मी सोयीचे घेतलेत, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. त्यांनी आपले आकडे घालून पाहावेत, उत्तरात फार तर पुढच्या सर्व्हिसिंगमधल्या एका एअर फिल्टरचा फरक पडेल.

जुन्या बॅटरीला एवढा मान का, तर शिसं. छोट्या गाडीची बॅटरी दहा-बारा किलोची, आणि वजनाने त्यातलं निम्म्याहून जास्त शिसंच. ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचा सरकारी नियम २००१ साली आला, २०२२ साली त्याच्या जागी नवा आला. भंगारवाल्याला मात्र दोन्ही आधीपासून पाठ होते. संसारात मेल्यावरही भाव खाणाऱ्या वस्तू थोड्या, त्यात हिचा नंबर वरचा. सोफ्याला कोणी फुकट उचलून नेत नाही.

पण हे झालं आग्रहाच्या महिन्यांचं. पहिले चोवीस तर डोळे झाकून ना? इथे डोळे नेमके कोणाचे झाकायचे, हा मुद्दा आहे.

बॅटरीत सहा कप्पे असतात, मेकॅनिक त्यांना सेल म्हणतात. प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टच्या किंचित वर, मिळून बारा. पूर्ण चार्ज असेल तर मीटरवर १२.६ दिसतात. त्यातला एक सेल आतून शॉर्ट झाला की मीटर साडेदहाच्या आसपास येऊन बसतो आणि कितीही चार्ज करा, वर यायचं नाव काढत नाही. पूर्वी झाकणं उघडून, काचेच्या नळीत आम्लाचं पाणी ओढून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी बघत. आत तरंगणारी नळी १.२८ ला उभी राहिली की सेल भरलेला. पाच सेल ठणठणीत आणि एक मान टाकलेला असेल, तर तो कंपनीचा दोष. बॅटरी बदलून मिळते. सहाच्या सहा सारखेच खाली असतील तर तो दोष नव्हे. ती नुसती उतरलेली बॅटरी, आणि उतरवली कोणी? तुम्ही. दिवा चालू ठेवलात, गाडी महिनाभर हलवली नाहीत, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायलासुद्धा गाडी काढलीत, नाही तर दर तीन सेकंदांनी रंग बदलणारी एलईडीची माळ बसवलीत. बॅटरी एक रात्र चार्जिंगला लागते, सकाळी तिच्या डोक्यावर खडूने एक टिकली मारतात आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहितात : ओके, डिस्चार्ज्ड. या दोन शब्दांनी जेवढे क्लेम गार केले असतील, तेवढे कुठल्याही बारीक टाइपातल्या अटीने केले नसतील.

यात लबाडी आहे का? खरं सांगायचं तर नाही. सहा माणसं एकदम दमली तर काम जास्त पडलं, एकच कोसळला तर तो आजारी, इतका हा सरळ न्याय आहे. आपल्याला तो टोचतो, कारण आपल्या डोक्यात वॉरंटीचा अर्थ 'गाडी बंद पडणार नाही' असा असतो. कंपनी तसं कुठेच लिहीत नाही. बनवताना आमच्याकडून काही चुकलं असेल तर बघू, एवढंच ती म्हणते. सकाळी साडेसात वाजता, पोराच्या परीक्षेला निघताना, पावसात, किल्ली फिरवल्यावर नुसतं टिक-टिक-टिक ऐकू आलं, तर त्या क्षणावर कोणाचीच वॉरंटी नसते. त्या क्षणाला लागतो जंपर केबलवाला शेजारी किंवा वॉचमन, दूधवाला आणि सोसायटीतला एखादा जिमला जाणारा मुलगा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तेही नाहीत, कारण ती धक्क्याने चालू होत नाही.

बऱ्याच बॅटऱ्यांच्या डोक्यावर एक छोटा गोल डोळा असतो. हिरवा म्हणजे चांगली, काळा म्हणजे चार्ज करा, पांढरा म्हणजे रामनाम. आमच्या सोसायटीतले एक काका दर रविवारी बॉनेट उघडून या डोळ्याचं दर्शन घेतात आणि "हिरवा आहे" असं आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात. तो डोळा सहापैकी फक्त एका सेलमध्ये बसवलेला असतो. उरलेले पाच कसे आहेत हे त्यालाही ठाऊक नसतं. काकांना हे सांगावं असं मला अनेकदा वाटलं. पण रविवार सकाळ, त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान, आणि त्यांच्याकडे असलेल्या जंपर केबल यांचा विचार करून मी गप्प राहतो.

या न्यायाची खरी कसोटी २०२० साली लागली. मार्चअखेर सगळं बंद झालं आणि गाड्या पार्किंगमध्ये जागच्या जागी थिजल्या. गाडी उभी असली तरी बॅटरी विसावलेली नसते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारं कुलूप, असं सगळं तिच्याच जिवावर जागं असतं. मग कोणीतरी निरोप फिरवला की रोज गाडी चालू करा. झालं! मास्क लावलेली मंडळी एकेक करून खाली यायची, किल्ली मारायची, पाच मिनिटं इंजिन चालवायची, जोडीला एसी आणि एखादी नाट्यगीतांची यादी. उभ्या इंजिनाच्या पाच मिनिटांत बॅटरी धड भरूनही निघत नाही, त्यात एसीचा पंखा. म्हणजे काळजी घेणाऱ्यांच्या बॅटऱ्या न घेणाऱ्यांच्या जोडीनेच बसल्या. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर गंधकाचा क्षार घट्ट धरतो, आणि मग ती चार्ज घेते पण धरून ठेवत नाही. दुकानं उघडली तेव्हा बॅटरीवाल्यांकडे दवाखान्यासारखी रांग होती. प्रत्येकाच्या हातात कार्ड आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "अहो, पण मी तर ती वापरलीच नाही!" कंपनीचंही म्हणणं तेच होतं.

ऊन हा आणखी एक भिडू, त्याचा कार्डावर उल्लेखही नसतो. बॅटरीच्या आतलं रसायन उष्णतेत भराभर झिजतं. ढोबळ नियम असा सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि बॉनेटखाली किती होत असेल याचा विचार न केलेला बरा. महाबळेश्वरातल्या गाडीला आणि चंद्रपुरातल्या गाडीला कार्ड तेच, महिने तेवढेच. मार उन्हाळ्यात बसतो आणि कळ पावसाळ्यात किंवा थंडीत येते, त्यामुळे बिचाऱ्या पावसावर नाहक आळ. टॅक्सीला मात्र कार्डावर वेगळी, कमी महिन्यांची ओळ असते. टॅक्सीवाले खरं तर बॅटरीला रोज पळवतात, उतरू देत नाहीत. पण तापतेही तीच जास्त. खासगी गाडी लाडाने उभी राहून मरते, भाड्याची राबून.

आता कागदाकडे येऊ, कारण क्लेमचं खरं मरण तिथे आहे. कार्डावर विक्रीची तारीख, गाडीचा नंबर, बॅटरीचा सिरियल नंबर, दुकानाचा शिक्का आणि सही हवी. शिवाय बिल. आपल्या घरातली एक पिढी अशी आहे की ती या बाबतीत हार जाणार नाही. आमच्या घरातल्या फाइलमध्ये मिक्सरपासून मनगटी घड्याळापर्यंत सगळ्यांची कार्डं आहेत. त्यातल्या काही वस्तू आता घरात नाहीत, एकदोन कंपन्याही बाजारात नाहीत, पण कार्डं सलामत. बॅटरीचं बिल स्वतंत्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर तारखेची चिठ्ठी. ते बिल दुकानाच्या छोट्या मशिनमधून सर्रकन निघालेल्या गुळगुळीत कागदावरचं. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने उमटलेली अक्षरं असतात. उष्णतेनेच ती पुसट होतात, आणि काही प्लॅस्टिकच्या संगतीत तर अधिकच लवकर. वेळ आली तेव्हा पाकीट उघडलं, चिठ्ठी जागेवर होती, आणि आत एक स्वच्छ, पांढराशुभ्र, कुठलाही डाग नसलेला कागद. इतकं निष्कलंक बिल मी दुसरं पाहिलेलं नाही. हल्ली कोड स्कॅन करून फोनवरच नोंदणी होते, त्यामुळे ही करमणूक संपत आली आहे. आता फोन बदलतो आणि नंबर बंद होतो, एवढंच.

आणि क्लेम मंजूर झाला, हातात नवी कोरी बॅटरी आली, तरी तिच्यासोबत नवे चोवीस महिने येत नाहीत. पहिल्या खरेदीच्या तारखेपासून जे उरले असतील तेवढेच. बाविसाव्या महिन्यात बदललेल्या नव्या बॅटरीचं फुकटपण दोन महिन्यांचं. हे कळल्यावर माणसं जरा हिरमुसतात. का ते मला समजत नाही. एकदा पैसे देऊन जन्मभर बॅटऱ्या घेत राहण्याचा बेत होता की काय?

मग जास्त महिन्यांच्या बॅटरीला जास्त पैसे द्यावेत की नाही? माझं मत असं की अधिक चिन्हापुढच्या आकड्याला एक रुपयाही देऊ नये, पण अलीकडच्या आकड्याला द्यावा. तोही फुकट बदलून मिळेल म्हणून नव्हे. कंपनीने हजारो बॅटऱ्या विकलेल्या असतात, किती परत आल्या याच्या वह्या तिच्याकडे असतात. ३० महिने फुकट बदलून देऊ, असं ती लिहिते तेव्हा त्या मुदतीत फारशा परत येणार नाहीत एवढा तिचा स्वतःचा अंदाज असतो. बॅटरीची पेटी सीलबंद; आतल्या पट्ट्या किती, जाड किती, हे आपल्याला दिसणार नाही. आत डोकावायला मिळणारी एकमेव फट म्हणजे तो पहिला आकडा. तिचे थोडे पैसे द्यायला माझी हरकत नाही. अर्थात वर्षभरात गाडीच काढून टाकायची असेल, तर मग तुम्ही पुढच्या मालकाची सोय करताय, आणि तो आभार मानणार नाही. आणखी एक : आकड्यापेक्षाही आधी बॅटरी तयार झाल्याची तारीख बघावी. फळीवर महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी तिथेच हळूहळू उतरत असते, आणि शेठ तिच्यावरची धूळ गिऱ्हाईक यायच्या आत पुसून ठेवतात.

विजेच्या गाड्यांचं गणित निराळं. त्यांच्या मोठ्या बॅटरीला बहुधा आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, आणि गाडीच्या किमतीतला मोठा वाटा त्या बॅटरीचाच असल्यामुळे तिथे एकेक ओळ वाचून घ्यावी. पण त्या गाडीतही कोपऱ्यात एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असून गाडी जागची हलत नाही. लाखांची वॉरंटी शाबूत, आणि मालक हजारांच्या डब्यासाठी फोन फिरवतोय.

शिशाची ही बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली काढली. गाडी चालू करायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते १९१२च्या कॅडिलॅकपासून, केटरिंग नावाच्या गृहस्थाच्या विजेच्या स्टार्टरमुळे. त्याआधी हँडल मारावं लागे. आपल्याकडे अँबॅसडरला हँडलची सोय होती. डिकीत ते लोखंडी वाकडं हत्यार असायचं, आणि उलटा झटका बसला तर मनगट जायचं. त्याला वॉरंटी कोणी मागितली नाही, कारण बिघडण्यासारखं त्यात फक्त मारणाऱ्याचं मनगट होतं.

शेवटी शेठनी बॅटरी ट्रॉलीवर चढवली. दुकानातल्या पोराने टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी कढत पाण्याने धुतली, पेट्रोलियम जेली चोपडली. त्याच्या जीन्सला गुडघ्यापासून खाली आम्लाची भोकं होती. महागड्या दुकानात तशी मुद्दाम पाडून विकतात. बिल होईपर्यंत मी शेठना सहज विचारलं, "तुमच्या गाडीत कुठली टाकलीय?"

"माझ्या? ती नका विचारू साहेब." ते हसले. "एका साहेबांची आहे. क्लेमला आणली होती, तपासणीत ओके निघाली. ते भडकले, नवीन घेतली आणि ही इथेच आपटून गेले. मी रात्रभर चार्जिंगला लावली. दुसरा पावसाळा चाललाय, काही कटकट नाही."

"आणि वॉरंटी?"

"ती आहे की अजून. पण कार्ड त्यांच्या घरी."